जिभेखालची दोन मिनिटं

"शिंक आवरत नसेल तर माइक सोडा," व्यवस्थापक म्हणाले आणि बशीचा एक फुटका तुकडा त्यांनी भोंगेरावांच्या पुढ्यात ठेवला. पुरावा म्हणून.

तो तुकडा कालपर्यंत एका नव्या कोऱ्या टी-सेटचा भाग होता. चिनी मातीची भांडी बनवणाऱ्या त्या कारखान्याने वर्षभर खपून तो सेट घडवला होता, आणि काल कारखान्याच्या सभागृहात त्याचं अनावरण होतं. माइकवर अर्थातच भोंगेराव. पाहुण्याबाईंचं नाव, त्यांची पदवी, त्यांच्या वडिलांची पदवी, त्यांच्या गावचं हवामान, इथपर्यंत सगळं यथासांग झालं. मग 'शुभहस्ते' म्हणताना 'शुभ' बाहेर पडलं आणि 'हस्ते'च्या जागी शिंक आली. ती सभागृहातल्या एकूण एक स्पीकरमधून तोफेसारखी निघाली. पाहुण्याबाई दचकल्या, हातातला ट्रे सुटला, आणि सेट बाजारात येण्याआधीच कचऱ्यात गेला.

भोंगेराव हे माल रवानगी विभागात कारकून होते, पण ते आपलं पोटापुरतं. जीव त्यांचा माइकमध्ये. कुणी निवृत्त होवो, कुणाला बक्षीस मिळो, नवी भट्टी पेटो, भोंगेराव कोट घालून हजर. भोंगेराव हे नाव कामगारांनी दिलेलं. कारखान्याचा भोंगा वाजतो आणि मग थांबतो. यांना थांबायची सोय केलेली नव्हती, एवढाच काय तो फरक.

"पुढच्या महिन्यात मालकांचा सत्कार आहे," व्यवस्थापक म्हणाले. "मालक निवृत्त होतायत. कारखाना पुढे कुणी बघायचा तेही त्याच दिवशी जाहीर करतील." इथे त्यांनी स्वतःचा टाय सरळ केला. "मला त्या दिवशी स्टेजवर एकसुद्धा शिंक नकोय. जमत नसेल तर हिशेब खात्यातले ते गोड गळ्याचे गृहस्थ तयारच आहेत."

त्या गोड गळ्याच्या गृहस्थाला भोंगेराव मनातल्या मनात 'गुळाची ढेप' म्हणत. ढेपेच्या हाती आपला माइक! त्यापेक्षा कुणी नाक कापून मागितलं असतं तर त्यांनी आनंदाने दिलं असतं. तसाही सगळा गुन्हा नाकाचाच होता.

कारखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी नाक कापलं नाही. त्यांनी भोंगेरावांच्या हातावर निरनिराळ्या अर्कांचे थेंब ओळीने ठेवले आणि प्रत्येक थेंबात बारीकशी सुई टोचली. थोड्या वेळाने पाहिलं तर बाकी सगळे थेंब गुण्यागोविंदाने वाळले होते, आणि एका जागी ही टपोरी गांध उठली होती.

"धुळीतले किडे," बाई खुशीत म्हणाल्या. आपलं गणित सुटलं की डॉक्टरांना असाच आनंद होतो. रोग्याचं काय होतंय हा वेगळा विषय. "डोळ्यांना दिसत नाहीत. गादीत, उशीत, जाड पडद्यांत असतात. ते काही करत नाहीत हो तुमचं. पण तुमच्या शरीराला वाटतं शत्रू आला. मग ते शिंकांचा भडिमार करतं."

"मारून टाका ना मग त्यांना."

"ते मारून संपणार नाहीत. आपण तुमच्या शरीराची समजूत घालायची. त्याच किड्यांचा अर्क रोज थेंबाथेंबाने द्यायचा. आधी अगदी पातळ, मग जरा घट्ट, मग आणखी घट्ट. शरीर रोज बघतं, हा येतो, काही करत नाही, निघून जातो. शेवटी ते त्याच्याकडे लक्ष देणंच सोडून देतं."

"आलं लक्षात. घरी माझं बोलणं असंच ऐकतात."

"तेच. तीन वर्षं घ्यायचं औषध."

"बाई, कार्यक्रम पुढच्या महिन्यात आहे!"

"हे तुमच्या शरीराला माहीत नाही ना. थोडाफार फरक कळायलासुद्धा काही महिने जातात. तोवर शिंका दाबायला ही रोजची गोळी आणि नाकात मारायला हा फवारा. आणि हे थेंब रोज जिभेखाली. दोन मिनिटं तसेच धरायचे, मग गिळायचे."

"एवढंच?"

"एवढंच. त्या दोन मिनिटांत तोंड उघडायचं नाही. बोलायचं नाही."

भोंगेरावांच्या आयुष्यात आजवर पुष्कळ डॉक्टरांनी पुष्कळ गोष्टी बंद केल्या होत्या. मीठ झालं, साखर झाली, तंबाखू झाली. पण ही मागणी माणुसकीला धरून नव्हती.

पहिला डोस दवाखान्यातच घ्यायचा आणि अर्धा तास तिथेच थांबायचं, काही उलटसुलट झालंच तर हाताशी डॉक्टर असावेत म्हणून. थेंब जिभेखाली गेले. बघता बघता भोंगेराव लालबुंद झाले, मानेची शीर टरारली, डोळे बाहेर यायला लागले. नर्सने इंजेक्शन भरायला घेतलं.

"बाई, यांना रिअ‍ॅक्शन आली!"

डॉक्टरीणबाईंनी नाडी पाहिली, घशात पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "औषधाची नाही. गप्प बसण्याची आहे. होईल सवय."

सवय झाली, पण ती घरच्यांना. पहिल्या दिवशी सकाळी भोंगेरावांनी थेंब घेतले आणि स्वयंपाकघरात त्यांची बायको एकदम थबकली. टिक टिक असा आवाज येत होता. तिने गॅस बघितला, नळ बघितला. मग कळलं, ते भिंतीवरचं घड्याळ आहे. लग्नात आलेलं घड्याळ, आणि ते आवाज करतं हे तिला त्या दिवशी समजलं. ती खुर्ची ओढून चक्क बसली आणि दोन मिनिटं तो आवाज ऐकत राहिली. डोळ्यांत पाणी आलं बिचारीच्या.

पण सुख मिळालं की माणूस त्याचा उपयोग काय करता येईल ते बघायला लागतो. आठवडा उलटायच्या आत मुलीने बरोबर वेळ साधली.

"बाबा, मी मैत्रिणींबरोबर डोंगरात तंबू ठोकून राहायला चाललेय. तुमची हरकत असेल तर आत्ता सांगा."

भोंगेरावांनी दोन्ही हात हलवले, भुवया टाळूपर्यंत नेल्या, टेबलावर मूठ आपटली.

"आई, बाबांनी टेबल वाजवून परवानगी दिली!"

दुसऱ्या दिवशी बायको आली, पदराला हात पुसत. "अहो, माझा भाऊ येतोय. सगळ्यांना घेऊन. तुमच्या खोलीत झोपतील, तुम्ही बाहेर सोफ्यावर. चालेल ना? नाही, काही अडचण असली तर बोला बाई मोकळेपणाने."

थेंब गिळल्या गिळल्या भोंगेराव कडाडले, "मला विचारल्याशिवाय..."

"असं काय करता? मघाशी चांगलं तोंडासमोर उभं राहून विचारलं. तेव्हा का नाही बोललात? एरवी तर बोलता."

मेहुणा आला, त्याची बायको आली, तिची आई आली. सोफ्याच्या उशीत किड्यांचं अख्खं गाव वसलेलं होतं, त्यामुळे भोंगेरावांना अर्काचा जास्तीचा डोस फुकटात मिळू लागला. शेवटी त्यांनी ठरवलं, घरात तोंड मिटणं धोक्याचं आहे. त्यांनी औषधाची बाटली उचलली आणि कारखान्याच्या कँटीनमधल्या फ्रिजमध्ये नेऊन ठेवली.

आता कारखान्यात काय, संतमहंत काम करत होते? ही बातमी जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळीकडे पोचली. थेंब जिभेखाली गेले की कुणी ना कुणी समोर उभंच.

"रविवारी माल मोजायला तुम्ही येताय," व्यवस्थापक म्हणाले. "नाही म्हणत नाही, वा! अशी माणसं हवीत."

आणि मग एके दिवशी, भर कँटीनमध्ये, सगळ्यांच्या देखत गुळाची ढेप त्यांच्या शेजारी येऊन बसली. आवाजात साय, वर खडीसाखर.

"साहेब, सत्काराचं निवेदन आपण वाटून घेऊ या का? सुरुवात तुम्ही करा. मालकांना स्टेजवर बोलावलंत की पुढचा सगळा कार्यक्रम मी. तुमच्या तब्येतीला झेपायला हवं, म्हणून म्हणतो. बघा, पटत नसेल तर..."

भोंगेरावांच्या घशातून मांजराला पायाखाली धरल्यासारखा आवाज आला.

"मोठं मन आहे हो तुमचं," ढेप म्हणाली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

भोंगेराव व्यवस्थापकांकडे धावले. व्यवस्थापक म्हणाले, "सुरुवात नीट करून दाखवा. शिंक नाही, गोंधळ नाही, तर पुढचंही तुम्हीच करा. काही झालं, तर माइक त्यांचा. आणि कायमचा." झालं. सगळं आयुष्य आता त्या सुरुवातीवर येऊन टेकलं.

त्या दिवसापासून त्यांनी थेंब घ्यायला अशी जागा शोधली की जिथे चिटपाखरू येत नाही. सभागृहाचं स्टेज. पडदा बंद असायचा, पलीकडे रिकाम्या खुर्च्या. तिथे ते माइकच्या दांड्यापाशी जाऊन उभे राहत, कारण बोलायचं नसलं तरी उभं कुठे राहायचं हे त्यांच्या पायांना दुसरं माहीत नव्हतं. मनगट धरून, मान खाली घालून, घड्याळाच्या काट्याकडे बघत दोन मिनिटं काढायची. तो पडदा जाड मखमलीचा होता आणि कारखाना सुरू झाल्यापासून त्याला पाणी लागलेलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी पाहिला असता तर त्यांना भोवळ आली असती. शत्रूच्या छावणीत उभं राहून शत्रूचा अर्क चाखण्याचा हा पराक्रम भोंगेराव रोज करत होते, आणि वर म्हणत होते, अजून गुण कसा येत नाही!

सत्काराचा दिवस उजाडला. त्या दिवशी भोंगेरावांनी शिंकांची गोळी घेतली नाही. त्या गोळीने त्यांना पेंग यायची आणि माइकवर जांभई आली असती तर ढेपेने तीसुद्धा मोजली असती. फवाऱ्यावर भागेल असा त्यांनी विचार केला. विचार असे दिसायला नेहमीच बरे असतात.

सभागृह भरलं. स्टेजवर मालकांचा पुरुषभर उंचीचा फोटो, भोवती पांढऱ्या फुलांची आरास, शेजारी त्यांची रिकामी खुर्ची. मालकांचा अजून पत्ता नव्हता. पडदा बंद. भोंगेराव पडद्याआड स्वागताची वाक्यं घोटत होते आणि तेवढ्यात त्यांना आठवलं, आजचे थेंब राहिले! मालक यायला वेळ दिसतोय, दोन मिनिटांचं तर काम. त्यांनी सकाळीच फ्रिजमधून खिशात टाकलेली बाटली काढली, थेंब जिभेखाली सोडले, मनगट धरलं, मान खाली घातली. पाय आपसूक माइकपाशी गेले.

पडदा ओढायला एक जुना, कानाने जरा मंद असलेला माणूस होता. त्याला वर्षानुवर्षं एकच गोष्ट सांगितलेली: निवेदक माइकपाशी उभा दिसला की पडदा उघड. त्याला निवेदक दिसला. त्याने पडदा उघडला.

सभागृहाने काय पाहिलं? कुणाचंही स्वागत नाही, नमस्कार नाही. मालकांचा भला मोठा फोटो, त्याभोवती फुलं, शेजारी रिकामी खुर्ची. आणि पुढे भोंगेराव, हात बांधून, मान घालून, गप्प. भोंगेराव! गप्प! याला जगात एकच कारण असू शकत होतं.

पहिल्या रांगेतले भट्टीवरचे जुने फोरमन सावकाश उठले. त्यांनी टोपी काढली. त्यांच्या मागची रांग उठली. मग खुर्च्या सरकल्याचा आवाज मागपर्यंत गेला आणि अख्खं सभागृह माना घालून उभं राहिलं.

भोंगेरावांनी डोळे वर केले तर समोर अख्खं सभागृह उभं. बोलावं तर तोंडात औषध. गिळून टाकावं म्हटलं, तर समोर पाहुण्यांत डॉक्टरीणबाई! साऱ्या सभागृहात काय चाललंय ते कळलेल्या त्या एकट्या. त्या घड्याळाकडे बघत होत्या आणि तळहात दाखवत होत्या, थांबा, अजून थांबा. रोग्याने नियम पाळला की बाईंना जगाचं भान राहत नसे.

"कधी गेले?" कुणीतरी कुजबुजलं.

"सकाळीच असणार. डॉक्टरीणबाई बघा, घड्याळ लावून बसल्यायत."

"काल तर मला शिव्या देत होते, चांगले ठणठणीत."

"तेच ते. दिवा विझताना मोठा होतो म्हणतात ना."

विंगेत व्यवस्थापकांना घाम फुटला. मालक गेले आणि ते आपल्याला कळवलं नाही? भोंगेरावांना कळवलं? पण हे आपल्याला माहीत नव्हतं असं चारचौघांत दाखवेल तो व्यवस्थापक कसला! त्यांनी चेहरा उतरवला, टाय सैल केला आणि जड पावलांनी स्टेजवर आले. नेमकी तेव्हा दोन मिनिटं संपली. भोंगेरावांनी थेंब गिळले, "अहो, नाही, मालक..." एवढं म्हटलं, आणि मघापासून हलवलेल्या त्या मखमली पडद्याने आपलं काम केलं. शिंक. शिंकेवर शिंक. डोळ्यांतून धारा, नाकातून धारा, रुमालात तोंड, खांदे गदागदा.

"सावरा स्वतःला," व्यवस्थापक म्हणाले आणि त्यांनी माइक काढून घेतला. "मित्रहो, आज आपण पोरके झालो. काल संध्याकाळीच त्यांनी माझा हात हातात घेतला. म्हणाले, आता हे सगळं तुम्हीच सांभाळायचं. ती त्यांची शेवटची इच्छा होती."

मग कामगारांचा पुढारी वर आला. "मालक आम्हाला वडिलांच्या जागी होते," तो म्हणाला. "आमचे वडीलही मागितलेलं कधी देत नसत." मग गुळाची ढेप. तिने सत्कारासाठी पाठ केलेलं भाषण जसंच्या तसं म्हटलं, फक्त 'आहेत'च्या जागी 'होते' घातलं आणि 'शतायुषी व्हा' गाळलं. भोंगेराव मधूनमधून माइककडे झेपावत, शिंकत आणि दोघं जण त्यांना धरून पुन्हा मागे नेत. "फार जीव होता हो त्यांचा मालकांवर," बायका म्हणाल्या.

मालक आले ते मागच्या दाराने. टायर पंक्चर झालं म्हणून उरलेला रस्ता चालत आलेले, घामाघूम. सगळे उभे, माना खाली. रीत म्हणून तेही शेवटच्या रांगेत मान घालून उभे राहिले. जरा वेळाने त्यांनी शेजारच्या कामगाराला हळूच विचारलं, "कोण गेलं?"

त्याने मान वर केली नाही. "मालक."

"कुठले मालक?"

"आपलेच की. दुसरे कोण एवढे जगणार होते?"

"कशाने गेले?"

"चिकटपणाने, आणखी कशाने? डॉक्टरचं बिल बघून गेले असतील." मग जरा थांबून तो म्हणाला, "पण माणूस भट्टीपाशी येऊन उभा राहायचा. हा टायवाला तर खालच्या मजल्यावरसुद्धा येत नाही. वाटोळं होणार आता."

स्टेजवर व्यवस्थापकांनी पुन्हा माइक धरला होता आणि काल संध्याकाळचा प्रसंग ते दुसऱ्यांदा, जास्त तपशिलाने सांगत होते. "अजूनही तो थरथरता हात मला जाणवतो..."

"काल संध्याकाळी मी दातांच्या डॉक्टरकडे आ वासून बसलो होतो," मधल्या वाटेने पुढे येत मालक म्हणाले. "तुमचा हात धरायला रिकामा नव्हतो."

त्यानंतर जे झालं त्याला सत्कार म्हणणं कठीण आहे. कुणी किंचाळलं, कुणी खुर्चीखाली गेलं. फोरमननी टोपी परत घातली, काढली, पुन्हा घातली. पडदेवाल्याला वाटलं कार्यक्रम संपला, म्हणून त्याने पडदा बंद केला. तो पुन्हा उघडायला लावण्यात बराच वेळ गेला आणि तेवढ्यात उडालेल्या धुळीने भोंगेरावांची उरलीसुरली आशा संपली.

मालक आपल्या खुर्चीत बसले. माइक मागवून घेतला.

"आपण गेल्यावर काय होईल हे बघायला सगळ्यांनाच मिळत नाही. मला मिळालं. मी कुठेही जात नाही. निवृत्ती रद्द." व्यवस्थापकांनी टाय पूर्णच काढला. "आता हे सगळं सुरू कुणी केलं?"

सगळ्या बोटांनी एकच दिशा दाखवली. भोंगेराव पुढे आले. डोळे लाल, नाक टोमॅटोसारखं. बशीचा तुकडा, ढेप, माइक, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. खरं काय ते सांगून टाकावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं. शिंक आली.

मालकांनी उठून त्यांना स्वतःचा रुमाल दिला.

"हा बघा," ते सभागृहाला म्हणाले. "आज इथे इतके जण बोलले. हा एकटा नुसता रडला. एक खोटा शब्द नाही याच्या तोंडून. मी आजवर याला वाचाळ समजत होतो." त्यांनी भोंगेरावांच्या खांद्यावर हात ठेवला. "यापुढे या कारखान्याचा एकही कार्यक्रम तुमच्याशिवाय सुरू होणार नाही. माइक तुमचा."

भोंगेरावांना आनंदाने रडू आलं. आता हे रडू खरं होतं, पण पाहणाऱ्याला फरक कळला नसता.

"अगदी आजच्यासारखी सुरुवात करायची," मालक म्हणाले. "इथे उभं राहायचं आणि दोन मिनिटं काही बोलायचं नाही. तेवढ्यात मी मागे बसून माझी माणसं बघत जाईन. त्यानंतर बोलायचं ते..." त्यांनी ढेपेकडे हात केला, "...हे बोलतील."

तीन वर्षं भोंगेरावांनी थेंब घेतले, एक दिवस चुकवला नाही. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं खरं निघालं. शिंका आधी कमी झाल्या, मग तुरळक झाल्या, मग थांबल्या. आता ते त्या मखमली पडद्यात नाक खुपसून उभे राहिले तरी काही होत नाही. आवाज असा खणखणीत झालाय की नव्या भट्टीच्या उद्घाटनाला माइकचीसुद्धा गरज पडू नये. बाई त्यांना इतर रोग्यांना दाखवतात, हे बघा, याला म्हणतात गुण येणं. आणि प्रत्येक कार्यक्रमात पडदा उघडतो तेव्हा भोंगेराव कोट घालून माइकपाशी असतात, मान खाली, गप्प. लोक म्हणतात, असा निवेदक पुन्हा होणे नाही.

ज्या बायकोने उभ्या आयुष्यात नवऱ्याचा एकही कार्यक्रम पाहिला नव्हता, ती आता न चुकता येते. चांगली साडी नेसून पहिल्या रांगेत बसते. दोन मिनिटं संपली, ढेपेने माइक हातात घेतला, की उठून घरी जाते.